उजवा कौल

देवळात आडवा पडलेला माणूस नेत्राला आधी दारुडाच वाटला. आषाढातली मरगळलेली दुपार, बाहेर संपता संपत नाही असा पाऊस, आणि हा बाबा सभामंडपात पाठीवर पडून छताकडे टक लावून बघत होता.

"तेवढं टोक धरता का?" तो न उठताच म्हणाला.

त्याच्या हातात मोजपट्टी होती. नेत्राने टोक धरलं आणि तिथेच ती फसली म्हणायची.

नेत्रा पुण्याची, लाकडी फर्निचर डिझाइन करणारी. रजा मिळाली की जुनं सुतारकाम बघत एकटीच भटकायची. रत्नागिरीजवळ, मिरजोळ्याच्या पुढच्या या वाडीत ती आली होती ती देवीच्या सभामंडपाच्या, गावच्या भाषेत मांडवाच्या, खांबांसाठी. फणसाच्या लाकडाचे, तेल पिऊन काळे झालेले खांब... वर तुळयांना केळफुलासारखी कोरीव बोंडं, आणि प्रत्येक खांबाच्या माथ्यावर एक पोपट. तो पडून राहिलेला माणूस म्हणजे शुभंकर. गावचा मुलगा, मुंबईत आर्किटेक्ट होऊन रत्नागिरीत परत आलेला. मापं घेतोय म्हणाला, तेव्हा डागडुजीसाठीच असणार हे नेत्राने परस्पर ठरवून टाकलं. त्यानेही तिचा गैरसमज दूर केला नाही.

मग रोज तो मोजायचा, ती कोळशाने चित्रं काढायची. पावसाने आभाळ इतकं खाली आणलं होतं, की दुपारीही दिवा लावावा लागे. तिच्या गालाला कोळसा लागला की तो नुसता स्वतःच्या गालावर बोट ठेवून दाखवायचा... पुसायला हात पुढे यायचा आणि अर्ध्यातून मागे जायचा. नेत्राला तो अर्धा हात फार आवडायचा. तिथेच तिने सावध व्हायला हवं होतं, पण प्रेमात पडणाऱ्याला कधी कुणी सावध झालेलं पाहिलंय?

"सगळे पोपट देवीकडे बघतायत," एकदा ती म्हणाली, "हा एकच दाराकडे का?"

शुभंकर लहानपणापासून इथे येत होता. त्याच्या हे कधी ध्यानात आलं नव्हतं. त्याने पोपटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"कोणीतरी यायचं असेल त्याचं," तो हळूच म्हणाला.

"आणि आली नाही तर?"

"आली की गो..."

हे पहिलं 'गो'. नेत्राने घाईघाईने वही तोंडासमोर धरली.

दोन दिवसांनी ती त्याच्या ऑफिसात चहाला गेली, तेव्हा भिंतीवर नव्या सभामंडपाचा नकाशा लावलेला दिसला. सिमेंटचा हॉल, चकचकीत फरशी, आणि खांब एकही नाही. खाली सही शुभंकरची.

त्याने काहीच लपवलं नाही. वाळवी लागलीय, छत गळतं, लग्नकार्याला खांब मध्ये येतात, मुंबईकर मंडळींचा आग्रह आहे, असं सगळं सांगितलं. त्यातलं एकही खोटं नव्हतं, हेच वाईट.

"आणि तुला काय हवंय?"

"मला कोणी विचारलं नाही."

"मी विचारतेय."

 तो म्हणाला, मांडव राहावा. दुरुस्त होण्याजोगा आहे. उद्या देवीला कौल लावतील, त्याआधी सगळ्यांसमोर सांगतो. नेत्राच्या मनावरचं मळभ तेवढ्यापुरतं हटलं. हा बोलला तर आपण इथेच राहू, रत्नागिरीत, याच्याबरोबर... असं तिने मनाशी ठरवूनही टाकलं.

सकाळी सगळी वाडी देवळात जमली. देवीसमोर शुभंकरचे वडील आप्पा, गावचे मानकरी. मोरू गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार.

"कोनाला काय बोलायचाय काय?" गुरवाने विचारलं.

नेत्राने शुभंकरकडे पाहिलं. शुभंकरने आप्पांकडे पाहिलं. आप्पा कुणाकडेच बघत नव्हते. शुभंकरने मान खाली घातली.

"आये, जुना उतरवून नवा मांडव बांदायचा म्हन्तायत तुजी लेकरा. मर्जी आसंल तर उजवा दी." गुरवाने गाऱ्हाणं घातलं.

फूल पडलं. उजवं. "व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात म्हणाले. त्या सुरात शुभंकरचा आवाजही होता, आणि नेत्राला एवढ्या गर्दीत तोच तेवढा ऐकू आला. तिला रडू फुटलं.

संध्याकाळी तो तिला एसटी स्टँडवर सोडायला आला. दोघंही भिजलेली. रुसवेफुगवे झाले नाहीत. गाडी लागली तेव्हा मात्र त्याचा तो हात पहिल्यांदा पुरता पुढे आला आणि त्याने तिच्या गालावरचं पाणी पुसलं.

"नेत्रा, मला तू हवीयस. आप्पांना आजच सांगतो."

"मलाही तू हवायस रे," ती म्हणाली. "आप्पा नको म्हणाले तर?"

शुभंकरने तोंड उघडलं... आणि मिटलं. तिने वाट पाहिली. कंडक्टरने घंटी दिली तरी पाहिली.

मग तिने पायरीवर पाय ठेवला.

"जाते मी."

"जाते नाही गो म्हणत," तो कळवळून म्हणाला, "येते म्हण."

पुण्यातही तसंच म्हणतात. नेत्रा आत जाऊन बसली.