घरचाच माणूस

अनुश्री, तो गच्चीवरचा दिवा बंद कर. अभिनव, इकडं सरकून बस. ज्याच्यासोबत हे झालं तो इथंच दोन गल्ल्या सोडून, ब्राह्मणपाऱ्यात राहतो, म्हणून मी हळू बोलून राहिलो. माझ्या चुलतभावाचा पोरगा, भार्गव. कॅन्सरचा डॉक्टर. तू यंदा डॉक्टरीले लागली ना अनुश्री, तुले तर ऐकलीच पाहिजे.

भार्गव माणूस वाईट नाही. पण त्याची एक रीत होती. पेशंट तपासून झाला की त्याच्या पाठीवर हात ठेवायचा आणि म्हणायचा, ‘छान आहे, जरा बाहेर बसा.’ पेशंट बाहेरच्या बाकावर. मग घरच्यायले आत घ्यायचा, स्कॅनची फिलिम दिव्याच्या काचेवर लावायचा आणि घरच्यांकडं पाठ करून त्या फिलिमशीच बोलायचा. पण सगळं खरं सांगायचा. किती पसरलं, किती दिवस उरले. घरचे म्हणत, त्यायले नका सांगू साहेब. हा म्हणे, नाही सांगत. सगळेच असं करतात, त्याले त्यात काही गैर वाटत नव्हतं.

त्या बाकावर अनंतराव म्हणून एक जण बसायचे. रेल्वेतून रिटायर, तोंडाचा कॅन्सर. त्यांचा पोरगा शेखर घेऊन यायचा. पोरगी गंधाली बिलासपूरले. तिनं आपल्या मर्जीनं लग्न केलं तसं बापानं तिच्याशी बोलणं सोडलं होतं. आता आजारपणात सगळा जीव तिच्यातच अडकला होता. एकदा त्यांनी भार्गवले दारातच धरलं.

‘डॉक्टरसाहेब, मले काय झालं ते सांगून टाका. पोरीकडं जायचं आहे. असा सुजलेल्या तोंडानं जाऊ, का बरा होऊन जाऊ?’

शेखर मागं हात जोडून उभा होता. भार्गव म्हणाला, ‘साधी गाठ आहे. बरे व्हा आणि दिवाळीत ऐटीत जा.’

अनंतराव खुश झाले. थांबले. दिवाळीच्या तोंडावरच गेले. पोरगी आली तेव्हा चिता विझली होती.

काय म्हणतो अभिनव? ‘दादाजी, इसमें भूत कहाँ है?’ थांब ना रे पोट्ट्या.

तुळशीच्या लग्नाची रात्र होती, मागच्या कार्तिकातली. भार्गवची बायको ज्ञानदा, तिनं त्याले ऊस आणाले पाठवलं होतं. परत येता येता त्याले आठवलं, चष्मा दवाखान्यात राहिला. दवाखान्याले सुट्टी होती. ऊस त्यानं गाडीतच ठेवला, शटर अर्धं वर केलं, वाकून आत गेला. टेबलावरचा चष्मा डोळ्याले लावला, फोनवर काहीतरी पाहत उभा राहिला.

मागून आवाज आला. ‘साहेब, एक फिलिम पाहता का?’

शटर वाजलं नव्हतं. हे त्याले नंतर आठवलं.

‘पेशंट कुठं आहे?’

‘बाहेर. बाकावर.’

‘तुम्ही कोण?’

‘घरचाच.’

भार्गवले बरंच वाटलं. पेशंट बाहेर, घरचा आत. त्याच्या सवयीचंच होतं ते. मागं न पाहता त्यानं हात लांब केला. फिलिम हातात आली. गार. ओली. दव पडून राहिलं असेल, त्याले वाटलं. काचेचा दिवा लावला, फिलिम अडकवली आणि पाठ करून सुरू झाला.

‘जबड्यातून मानेत उतरलं आहे. छातीतही गेलं आहे. आता औषधानं दुखणं कमी होईल, बस. महिना. फार तर दीड. त्यांना काही सांगू नका.’

मागं खुर्ची करकरली.

‘काहून?’

असं त्याले कोणी कधी विचारलंच नव्हतं.

‘खचतील ते.’

लांब कुठंतरी फटाका वाजला.

‘मग... पोरीले कधी बोलावू?’

‘आजच बोलवा. वाट पाहू नका.’

‘आजच...’

टप. फिलिमच्या कोपऱ्यातून थेंब पडला.

टप.

त्या थेंबामुळं त्याचं लक्ष कोपऱ्याकडं गेलं. तिथं नाव असते. भार्गव नेहमी डाग पाहायचा. नाव वाचायचा नाही.

अनंतराव...

आणि मागून, अगदी कानापाशी...

‘मग तेव्हा काहून नाही सांगितलं?’

तो वळला.

खुर्ची रिकामी. शटर अर्धंच. बाहेर बाकावर... कोणी नाही.

त्यानं तिथूनच शेखरले फोन लावला. अनंतरावांच्या फिलिमा कुठं आहेत? शेखरनं आधी आवाज हळू केला. मग म्हणाला, ‘साहेब, त्या तर मी अस्थींसोबतच सोडल्या. महादेव घाटावर, खारून नदीत. आईले खरं काय ते कळू नये म्हणून.’

आता भार्गव पेशंटलेच समोर बसवतो. खुर्ची फिरवून, तोंडाकडं पाहून बोलतो. आधी विचारतो, तुम्हाले किती जाणून घ्यायचं आहे. चांगलं झालं ते.

पण ती फिलिम अजून काचेवरच आहे. ती काढाची त्याची हिंमत होत नाही. मागच्या आठवड्यात मी गेलो होतो त्याच्याकडं. भर उन्हाळा, कूलरमध्येही पाणी नव्हतं. त्यानं माझ्यादेखत ती फिलिम फडक्यानं पुसली. मी बोट फिरवून पाहिलं, कोरडी ठणठणीत. आम्ही चहा घेतला. उठता उठता माझी नजर गेली...

नावाच्या खाली, कोपऱ्यात, एक थेंब भरून येत होता.