राखणीचा दगड

ती बॅटरी विझवा जरा, डोळ्यांवर येते. हां. आता ऐका, आणि मधे तोंड घालायचं नाही. मी दमलोय आज, एकदाच सांगणार.

माझा साडू. तुम्ही पाहिलाय त्याला, आता दुकानात बसतो तो. तेव्हा तो आणि त्याचा थोरला भाऊ नदीच्या रेतीतून सोनं धुवायचे. सोनं म्हणजे काय, दिवसभर कंबर मोडायची आणि नखावर मावेल एवढं मिळवायचं. एकानं पाण्यात वाकून परात फिरवायची, दुसऱ्यानं मधल्या मोठ्या दगडावर बसून वरच्या अंगाला बघत राहायचं. परातीत डोळे घातलेल्या माणसाला नदी दिसत नाही ना. दगडावरचा ‘ऊठ’ म्हणाला, की असेल ते टाकून काठ गाठायचा. दगडावर कायम थोरलाच. साडू तिथे कधी बसलाच नाही.

मग डोंगराला वणवा लागला. विझवायला गेलेला थोरला परत आला नाही. त्यानंतर साडू रडला वगैरे नाही. नुसता थकला. घास हातात धरून बसून राहायचा. बघवायचं नाही.

आता जळलेल्या डोंगरात पाणी मुरत नाही. माती भाजून घट्ट झालेली, वर राख. पडलं ते सगळं सरळ नदीत. वर पाऊस झाला, तर इथे कोरड्या आभाळाखालीसुद्धा लोंढा येतो. पण त्याच पाण्यानं नदीचा तळ उकरला आणि खालचं सोनं वर आलं. अख्खा गाव परात घेऊन धावला. साडूही गेला, दिवसभर राबला आणि परात तिथेच विसरून घरी आला.

जूनमधल्या दुसऱ्या शनिवारची रात्र ती. माझी मेहुणी त्याला म्हणाली, “परात तेवढी घेऊन या. आणि लगेच या, डोंगरावर विजा चमकतायत.”

“आलोच.”

नऊच्या सुमाराला तो नदीवर पोचला. गाव कधीच परतलं होतं. डोक्यावर चांदण्या. परात सापडली, पण बॅटरीच्या उजेडात कडेची रेती चमकली, आणि याला वाटलं, एकदोनदा धुऊन बघू. बसला. किती दिवसांनी जीव रमला त्याचा. आणि मान वर न करताच त्याला कळलं, दगडावर कुणीतरी बसलंय.

मला म्हणाला, भीती नाही वाटली. उलट बरं वाटलं. राखणीला माणूस आहे, आपण खुशाल वाकावं.

तो धूत राहिला.

मग परातीतलं पाणी काळं झालं. त्यानं ते ओतलं, दुसरं घेतलं. तेही काळं. राख होती. वरची.

दगडावरून आवाज नाही.

“दादा?”

...

वर कुठेतरी धोंडे एकमेकांवर आपटायला लागले. ओल्या कोळशाचा वास आला. दगडावरचा तिकडेच बघत होता. त्याला दिसत होतं. सगळं दिसत होतं...

“दादा, ऊठ म्हण ना...”



तो फक्त जरा बाजूला सरकला.

साडू मला म्हणाला, “खरं सांगू? पाय काठाकडे वळेनात. इतका थकलो होतो... वाटलं, जावं आणि बसावं. मग डोळ्यांपुढं ही आली. दारात उभी असेल.”

एवढ्यावर तो फिरला. हातापायांवर काठ चढला. मागून लोंढा गेला, दगडाच्याही वरून. याला वळून बघायचं धाडस झालं नाही.

सकाळी मी त्याच्याबरोबर गेलो. काठ, झुडपं, धोंडे, सगळ्यांवर बोटभर काळा चिखल. त्या दगडावरही. फक्त वरच्या सपाटीवर दोन जागा कोरड्या होत्या, स्वच्छ, माणूस बसावा एवढ्या.

शेजारी शेजारी.