चौदाचे सहा

जगातली सगळी अजरामर प्रेमं कडाक्याच्या थंडीत फुलली, असं जाणकार सांगतात. धसईत कडाक्याची थंडी पडत नाही. त्यामुळे वत्सलाला ती स्वतःच पाडावी लागली.

वत्सला गावाबाहेरच्या सरकारी रोपवाटिकेत कामाला होती. आवारात एक पांढरी, झडपांची पेटी होती. सकाळी आठला ती उघडायची, आतल्या तापमापकावर रात्रीचा सगळ्यात खालचा आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. तीन वर्षांत तो आकडा तिला कुणीही विचारला नव्हता.

दोन हजार एक सालच्या डिसेंबरात एक जण फाटकाशी येऊन उभा राहिला. काखेत जाडजूड इंग्रजी पुस्तक, केसांत गवताची काडी, आणि चेहऱ्यावर घरात कुणी आजारी असल्यासारखी काळजी.

"मॅडम, इथं थंडी मिळते का?"

"काय?"

"म्हंजे... तिचा आकडा."

तो दीपेश. आसनगावच्या गॅरेजातला मेकॅनिक, मूळचा धसईचाच. एक परदेशी जोडपं रस्त्याने हिंदुस्थानात आलं, कंटाळलं आणि विमानाने परत गेलं. त्यांची गाडी दीपेशकडे आली. तिच्यात पलंग, शेगडीची जागा, बेसिन, नळ, पाण्याची टाकी... चाकांवरचं घरच. वडलांच्या खळ्यावर ती उभी होती. तानसा तलावाच्या बाजूला नेऊन पाहुण्यांना राहायला द्यायची, असा बेत होता. पण गाडीच्या पुस्तकात हिवाळ्याचं एक प्रकरण होतं, तेही लाल अक्षरांत.

"पारा चारकडं झुकला का नळातलं पानी गोठायचा धोका, नळ फुटतात. गाडी आतून गरम ठेवा, असं लिवलंय."

धसईत पाणी गोठलेलं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. पण त्याचा जन्म कुठे छापलेला नव्हता. पुस्तक छापलेलं होतं.

वत्सलाने पेटी उघडली. चौदा. सांगायला म्हणून ती वळली... तर तो श्वास रोखून तिच्याकडे बघत होता. तिच्या आकड्यासाठी आजवर कुणी श्वास रोखला नव्हता. चौदा म्हटलं की हा हसणार, आभार मानणार आणि जाणार. कायमचा.

"आठ," ती म्हणाली. "उद्या आनखी उतरंल. येऊन बघा."

तो आला. रोज यायला लागला.

"आज किती?"

"सात."

"बापरे! नळांना पेंढा बांधलाय. झाकून टाकलंय सगळं."

"आज सहा."

"आत शेगडी पेटवली. पन धूर कोंडतो, म्हनून खिडक्या उघड्या ठेवल्या."

"मग ऊब राहते?"

"नाय राहत. पन पुस्तकात गरम करा म्हटलंय. ऊब राहिलीच पाहिजे असं नाय म्हटलं."

तिला हसू फुटलं. तिचं हसू बघून तोही हसला आणि मग उगाचच पुस्तकाची पानं चाळू लागला. दुसऱ्या दिवशी त्याने थर्मासमधून चहा आणला.

"आकडा वाचताना तुमाला गार लागत असंल..."

"लागतं तर!" वत्सला म्हणाली. सहाला शोभावं म्हणून ती स्वेटर, शाल आणि मफलर घालून यायची. साडेआठला मफलरखालून घाम ओघळायचा. पलीकडे शिपाई चांगोमामा बनियनवर कलमांना पाणी घालत असायचा.

दीपेश गेला की तो म्हणायचा, "बाई, मला घाम येतो आन् तुमच्याकडं बर्फ पडतो. काय ते एकदा ठरवा गो!"

ठरवायचं कसं? वहीत चौदा, तोंडावर सहा. हे कळलं तर तो यायचा नाही. न कळलं तर तो बिचारा पेंढा बांधत मरायचा.

पाहुणे परवावर आले, आणि त्या सकाळी आठला दीपेश फाटकात नव्हता. सव्वाआठ... साडेआठ... वत्सलाने तीनदा पेटी उघडून पाहिली, जणू तो आत असणार होता.

नऊला आला. शर्ट भिजलेला, काखेत थर्मास, हातात प्लॅस्टिकच्या नळाचा तुकडा.

"फुटला."

"गोठून?" वत्सलाने विचारलं.

"गोठून फुटला तर भेग पडते. ह्याला दात लागलेत." त्याने तुकडा पुढे केला. "उंदीर! पेंढ्यात घर केलंय. वर शेगडीची ऊब. सात पिल्लं हायत, मॅडम! नळ नवा टाकीन, पन पेंढा काढू का ठेवू? तुमी सांगा. आज किती?"

वत्सलाने मफलर काढला. शाल काढली. आतून वही आणली आणि त्याच्यापुढे उघडली.

तो बोट ठेवून वाचत गेला. चौदा. साडेतेरा. पंधरा. चौदा.

"हे कुठलं?"

"धसईचं."

"मग ते सहा कुठलं?"

"...माझं."

"का?"

"चौदा सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी आला असता?"

त्याने वही मिटली, तिच्या हातात दिली आणि निघून गेला. थर्मास कट्ट्यावरच राहिला. चांगोमामाने त्या दिवशी टोमणाही मारला नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

दुसऱ्या दिवशी आठला तिने नुसत्या साडीवर पेटी उघडली. तेरा. आज खरोखरच गारवा होता, ती शहारली.

"किती?"

फाटकाशी तो उभा होता. पुस्तक नव्हतं.

"तेरा. खरंच तेरा... वही दाखवू?"

"वही नको. तुमी सांगता ना, बास." तो खाली बघत म्हणाला, "नळ बसवला. पेंढा काढला. आता आकड्याचं माझं काय काम नाय."

"हं."

"तरी आलो."

वत्सलाच्या हातून पेटीची झडप सुटली आणि फटकन आपटली. पलीकडे चांगोमामाने पाण्याची झारी खाली ठेवली, नीट ऐकू यावं म्हणून.

"दामूकाकांना भेटायला येऊ का? तुमच्या वडलांना... आईबाबांना घेऊन. रीतीनं."

"या," ती म्हणाली. तेरा अंशांत तिचे कान तापले.

तो फाटकापर्यंत गेला, घुटमळला आणि परत आला.

"अजून एक... मागू का?"

"मागा ना," तिने डोळे मिटले.

"तुमच्याकडं मांजर हाय का? उद्यापुरती द्या. पाहुने यायचेत."