गवत्यांची वाटणी

"आज बघू दे सगळ्या गावाला, मालकांनी किती खाल्लंय ते!" हौ समोरच्या बांधावरून ओरडला. जाळं ओढणारी माणसं हसली.

सख्खा धाकटा भाऊ क्वायला 'मालक' म्हणायचा! तुतीच्या झाडाखाली टोपली उपडी घालून तो तिच्यावर बसला. त्याच्या बायकोची टोपली होती ती... शरदात यिंग गेली, आणि तेव्हापासून रेशीमकिड्यांची विष्ठा माशांना चारा म्हणून रोज सकाळी तिच्यातून तोच तळ्यात नेऊन टाकत होता.

आई लवकर गेली, तेव्हा यिंगनेच हौला पाठीशी बांधून वाढवले होते. पुढे वाटणी झाली. तळे इतके लहान, की मधून बांध घालता येईना, म्हणून मासेच वाटले. वर पोहणारे चंदेरे आणि तळचे चिखले हौला, गवत खाणारा गवत्या थोरल्याला. गवत्याला भाव जास्त, म्हणून हौने नीट बोलणे टाकले. यिंगच्या प्रेतालासुद्धा त्याने उंबऱ्याबाहेरूनच उदबत्ती लावली.

पण गवत्याला रोज चारावे लागते, आणि त्याच्या विष्ठेने पाणी हिरवे होऊन बाकीचे मासे आयते पोसले जातात, हे त्या मुलखात शेंबडे पोरही जाणते. यिंगने गवत्या हट्टाने मागून घेतला होता तो त्यासाठीच. "कष्ट आपल्याला, खाणं त्याला. लहान आहे हो तो!"

हौ मात्र म्हणे, "उपकार कसले? स्वतःच्या माशांसाठी मरतात झालं!"

जाळे वर आले. चंदेरे उसळत होते, चिखले वळवळत होते...

"गवत्या कुठाय?" जाळेवाल्यांचा म्होरक्या म्हणाला. पुन्हा जाळे फिरवले. एकही नाही!

"गुपचूप विकले वाटतं, मालक?"

"विकले," क्वाय म्हणाला. "वसंतात. तू सासरवाडीला होतास. तिच्या औषधाला लागले."

हौचे हसणे ओठांवरच राहिले. सबंध उन्हाळा त्याने वहिनीला पाहिले होते, सुजलेल्या पायांनी ही टोपली आणताना. आणि बांधावरून तो थुंकला होता!

"मग... वहिनी रोज कुणाच्या माशांना घालत होती?"

क्वाय टोपलीची सुटलेली काडी आत खोचू लागला.

"बोला की!"

"तिने शपथ घातली होती. म्हणाली, कळलं तर तो आपला चारा घेणार नाही... त्याचे मासे उपाशी ठेवू नका."

"आणि तू गप्प बसलास? तिला माझ्या शिव्या खाऊ दिल्यास? काय माणूस आहेस तू, दादा!" हौ किंचाळला, आणि रडू लागला.

तिथल्या रीतीप्रमाणे जाळ्यातला पहिला मासा तराजूवर जात नाही, घरातल्या मेलेल्यांपुढे जातो. हौने सर्वांत मोठा चंदेरा उचलला, अलीकडे येऊन क्वायच्या बुडाखालची टोपली ओढून तिच्यात टाकला, आणि भावाच्या घराचा उंबरा ओलांडला.

आतून त्याचा आवाज आला, रागीटच.

"ताट कुठाय? वहिनीपुढं ठेवायला एक धड ताट नाही का या घरात?"

क्वायने दारात येऊन डोळे पुसले.

"फडताळात बघ," तो म्हणाला. "तिने ठेवलंय, तिथंच आहे."