नसलेल्या खिडक्यांची मापं

"माझा सख्खा भाऊ मला फसवतोय, अम्मा. उद्या गुरुवारी अकरा वाजता वकिलाकडे वाटणीच्या कागदावर सह्या आहेत. सही करण्याआधी मला खरं काय ते कळलं पाहिजे."

एवढं बोलून प्रतापराव जाधव खुर्चीत टेकले. मराठी घरचेच, पण बोलण्यात कानडी शब्द मिसळत; कुठल्याही बाईला ते अम्माच म्हणत. चिकपेटेत त्यांचं पडद्यांचं दुकान होतं, वडिलांच्या काळापासूनचं. वय पासष्टीच्या पुढे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोटात पोवळ्याची जाडजूड अंगठी. गौरी साठेने आपलं कार्ड पुढे केलं. त्यांनी ते न बघताच खिशात टाकलं.

मल्लेश्वरममध्ये एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर गौरीची खाजगी तपासाची कचेरी होती. तिचा नवरा मकरंद सरकारी संशोधन संस्थेत इंजिनिअर. सुट्टी मिळाली की तो मदतीला येऊन बसायचा. यंत्राचा नुसता आवाज ऐकून तो बिघाड सांगू शके, पण माणसाचा आवाज ऐकून त्याला आजवर काही कळलं नव्हतं. गौरीचं त्याच्यावर या गुणासकट प्रेम होतं.

"पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली.

"स्वल्प ऐका. आमचं सगळं काम आता मोबाइलवर. दुकानात अनुषा म्हणून मुलगी आहे, तिने बसवून दिलं. गिऱ्हाइकाने बुकिंग केलं की ते तीन मोबाइलांत दिसतं. माझ्या, माझ्या तम्माच्या, म्हणजे धाकट्या रघुनंदनच्या, आणि अनुषाच्या. माप घ्यायला कुठे जायचं, कधी निघायचं, सगळं हाच सांगतो. बघा."

त्यांनी अंगठा दाबला. मोबाइल बाईच्या आवाजात उद्याची कामं वाचू लागला.

"वा! या वयात हे शिकलात?" मकरंद खूश झाला.

"वाचत बसायला वेळ कोणाला आहे? पूर्वी मी राहूकाळ बघितल्याशिवाय उंबरा ओलांडत नव्हतो. आता हा म्हणतो नीघ, की निघायचं." प्रतापरावांचा आवाज उतरला. "तीनदा मला सर्जापूर रोडला पाठवलं. सोसायटी खरी, फ्लॅट खोटा. वॉचमन हसला माझ्यावर, अम्मा. गेटजवळच्या बाकावर बसून राहिलो आणि परत आलो. तिन्ही वेळा त्याच दिवशी दुसरीकडे मोठं काम होतं. तिथे रघू गेला. शिवाय गोदामातलं कापडही कमी होतंय. मोठी गिऱ्हाइकं तो आपल्याकडे वळवतोय."

"ते खोटं बुकिंग कोणाच्या मोबाइलवरून झालं, हे दिसत नाही?"

"तिघांचं खातं एकच."

ते जिना उतरले तेव्हा मकरंदने हात झटकले. "उघड आहे. भाऊच."

"भाऊच असेल," गौरी म्हणाली. "पण कशासाठी, ते बघायला हवं."

दुपारी दोघं मेट्रोने चिकपेटेला पोचली. प्रतापराव गिऱ्हाइकात गुंतले होते, म्हणून गौरीने आधी अनुषाला गाठलं.

"मॅडम, मी नाही केलं," अनुषा घाईने म्हणाली. "बुकिंगची व्यवस्था मी बसवली, म्हणून सगळे माझ्याकडेच बघतायत."

"मला ती बुकिंग दाखव. खरी आणि खोटी, शेजारी शेजारी."

अनुषाने मोबाइल पुढे धरला. प्रत्येक कामापुढे निघायची वेळ होती. खऱ्या कामांत शुक्रवारी अकरा होते, मंगळवारी साडेतीन होते, गिऱ्हाइकाला सोयीचं जे असेल ते. खोटी बुकिंग तीन. दोन शुक्रवारची, निघायचं सव्वाबाराला. एक मंगळवारचं, निघायचं अडीचला.

"यातल्या शेवटच्या शुक्रवारी रघुनंदन किती वाजता निघाले?"

"अकराला. मोठा बंगला होता तिकडे."

काउंटरखाली पडद्यांचं एक गाठोडं होतं. गौरीने ते पायाने हलवलं. "हे काय?"

"परत आलेत. आखूड झाले. असे दोन-तीन जोड झाले या वर्षात. रघूअण्णा म्हणाले, माप माझ्याकडून चुकलं. मग त्यांनी नवीन कापडातून पुन्हा शिवून दिले. मोठ्या अण्णांना सांगू नकोस म्हणाले."

"म्हणजे गोदामातलं कापड इथे गेलं!" मकरंदला एकदम उजेड पडला. "चोर नाही, निष्काळजी आहे."

गौरीने त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. अर्धी वाट तरी तो बरोबर आला होता.

"माप घेताना फोटो काढता?"

"हो. टेप लावलेल्या खिडकीचा फोटो रघूअण्णा ग्रुपवर टाकतात, खाली आकडा लिहितात." अनुषाने या आखूड जोडाच्या खिडकीचा फोटो शोधून दिला. खाली लिहिलं होतं चौऱ्याऐंशी इंच. गौरीने दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिली.

रघुनंदन मागच्या खोलीत टेप गुंडाळत होता. पन्नाशीचा, शांत चेहऱ्याचा. हातात घड्याळ नाही, अंगठी नाही.

"खोटी बुकिंग तुम्ही केलीत?" गौरीने सरळ विचारलं.

"उद्या वाटणी होतेच आहे. अण्णांना जे वाटतं ते वाटू दे."

"आणि पडदे आखूड झाले ते?"

"माझी चूक."

"दुकान तुटेल, रघुनंदन."

त्याने मान खाली घातली. "दुकान तुटलं तर चालेल," तो हळूच म्हणाला.

संध्याकाळी शटर अर्धं ओढल्यावर गौरीने सगळ्यांना मागच्या खोलीत बसवलं. दोघे भाऊ एकमेकांकडे पाठ करून बसले होते.

"खोटी बुकिंग रघुनंदनने केली," ती म्हणाली.

"बघितलंत?" प्रतापराव उसळले.

"थांबा. शुक्रवारी राहूकाळ साडेदहा ते बारा. मंगळवारी तीन ते साडेचार. खरी बुकिंग त्यात बिनदिक्कत येतात, कारण गिऱ्हाईक राहूकाळ बघत नाही. पण तिन्ही खोट्या कामांना तुम्हाला निघायला लावलं ते राहूकाळ टाळून. तो स्वतः मात्र शुक्रवारी भर राहूकाळात बाहेर पडला. आता मला सांगा, भावाचं वाईट करायला निघालेला माणूस भावासाठी राहूकाळ बघेल?"

प्रतापराव बोटातली अंगठी फिरवू लागले.

"मग फसवलं कशाला?" मकरंदने विचारलं.

गौरीने मोबाइलवरचा फोटो त्याला दाखवला. "टेपवर आकडा किती आहे?"

"एकोणनव्वद."

"खाली लिहिलाय चौऱ्याऐंशी. म्हणून पडदा आखूड झाला. रघुनंदन म्हणतो, माप मी घेतलं. पण टेप धरलेल्या हाताच्या बोटात काय आहे?"

मकरंदने वाकून बघितलं आणि तो वर पाहीना. फोटोतल्या बोटात पोवळ्याची अंगठी होती.

"आकडा तुम्ही वाचलात, प्रतापराव. त्याने विश्वासाने लिहून घेतला," गौरीचा आवाज मऊ झाला. "माझं कार्ड तुम्ही बघितलंही नाहीत. मोबाइल वाचून दाखवतो, म्हणून आजवर भागलं. टेप वाचून दाखवत नाही."

बाहेर हातगाडीवाला वाट मागत ओरडत होता.

"जानेवारीत बाराव्या मजल्यावर अण्णांचा पाय शिडीवरून सुटला," रघुनंदन शेवटी म्हणाला. "मी शिडीखालीच होतो म्हणून निभावलं. त्या दिवसापासून मला झोप नाही. मोठ्या खिडक्या असल्या की यांना दुसरीकडे पाठवायचो. त्या सोसायटीच्या गेटजवळ बाक आहे, वर झाड आहे. रिक्षात झोप काढतील, सावलीत बसतील, येतील म्हटलं."

"प्रेमापोटी केलीत, पण लबाडीच ती," गौरी म्हणाली. "वॉचमन त्यांना हसला, हे माहीत आहे तुम्हाला?"

रघुनंदनचे डोळे भरले. "नव्हतं माहीत."

"तोंडाने का नाही सांगितलंस मला?" प्रतापराव ओरडले. "चोर ठरलास, घर फुटायला आलं, तरी तोंड उघडलं नाहीस!"

"कसं सांगणार, अण्णा? आख्खी चिकपेट तुमच्या मापाची शपथ घेते. मला टेप धरायला तुम्ही शिकवलंत. ती तुमच्या हातातून मी काढून घेऊ? त्यापेक्षा चोर बरा."

प्रतापराव कितीतरी वेळ स्वतःच्या हातांकडे बघत होते. त्यांना ते नीट दिसत नव्हते, हे आता खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. रागावण्यासारखं त्यांच्याजवळ काही उरलं नव्हतं, आणि भावाची माया अंगावर येत होती. ते उठले, चाचपडत दोन पावलं आले आणि रघुनंदनच्या शेजारी बसले. मोबाइल त्याच्या हातात दिला.

"उद्या अकराचं वकिलाचं काढून टाक. त्या जागी डोळ्यांच्या डॉक्टरचं घाल."

"तुम्ही बोला ना, अण्णा. मोबाइल लिहून घेतो."

"सरी, बरं, पण तूच घाल, तम्मा," प्रतापराव म्हणाले. "मला दिसत नाही."