रॉइसचा कोट

फाटकाजवळ तो पाठमोरा उभा होता आणि अंगात रॉइसचा कोट होता. मेंढीच्या कातड्याचा, कोपराला मीच ठिगळ लावलेला. मला क्षणभर वाटलं... काय वाटलं ते सांगत नाही. मी घोड्यावरून उडीच टाकली.

तो वळला. क्लेटन होता.

"नेटी—" हॅटवरून गारांचं पाणी ओघळत होतं.

"माणसाचा जीव घेशील एखाद्या दिवशी!" मी ओरडले आणि फाटक धरून रडले.

रॉइस माझा होणारा नवरा. तो नि क्लेटन, दोघं मित्र, बरोबरच लढाईवर गेले. इटलीच्या डोंगरातून क्लेटन एकटाच वायोमिंगला परतला. दोघांना घोड्यावर बसायला शिकवलं ते रॉइसच्या वडिलांनी, ऑर्विलकाकांनी. क्लेटनला कुडकुडताना बघून त्यांनीच तो कोट त्याच्या अंगात घातला होता.

पूर्वीचा क्लेटन महा वात्रट, माझ्या वेण्या ओढून पळणारा. आता दर रविवारी यायचा, मुकाट्यानं लाकडं फोडायचा, घोड्याला शीळसुद्धा रॉइससारखी घालायचा.

"कॉफी कशी आहे?"

"छान."

"कडूजहर आहे. मुद्दाम केलीय. पूर्वीचा क्लेटन थुंकला असता."

तो किंचित हसला. "त्याला वळण नव्हतं."

"भेटला तर सांग... मी वाट बघतेय."

त्यानं वर पाहिलं. क्षणभर तीच जुनी वात्रट नजर. मग त्याची नजर कोटाच्या बाहीवर गेली आणि विझली. मला तो आवडायला लागला होता. तोच, रॉइसची सावली नव्हे.

एका रविवारी तो खाली बघत म्हणाला, "लग्न करशील माझ्याशी? मी रॉइसला शब्द दिलाय... तुला सांभाळीन म्हणून."

"मी काय त्याची मागे राहिलेली पेटी आहे? नाही करणार!"

तो आपली गुरं विकून ओरेगॉनला जायला निघाला. काकांच्या गाई व्यायच्या होत्या, तेवढ्यापुरता थांबला. मीही मदतीला जात होते.

एका गाईचं वासरू मेलेलंच जन्मलं. दुसरीकडे एक वासरू पोरकं झालं होतं. अशा वेळी आमच्याकडे मेलेल्या वासराचं कातडं सोलून पोरक्याच्या पाठीवर बांधतात, म्हणजे वासावरून गाय त्याला आपलं समजते. क्लेटननं सुरी घेतली, पण ती त्याच्यानं चालवेना. तो रक्ताकडे बघत राहिला. काकांनी आपला वाकडा झालेला हात त्याच्या हातावर ठेवला. "हळू, पोरा. हे जगवायला चाललंय." दोघांनी मिळून कातडं काढलं आणि पोरक्याला बांधलं. गाईनं हुंगलं, चाटलं, आणि पान्हा सोडला.

थोड्या दिवसांनी मी गोठ्यात गेले तेव्हा काका वासराच्या पाठीवर बांधलेल्या कातड्याच्या दोऱ्या कापत होते.

"ठेवलं तर कुजतं," ते म्हणाले. "तिचं दूध याच्या पोटात गेलंय. आता ती याला याच्याच वासावर ओळखते." मग क्लेटनकडे वळले. "तुझाही कोट काढ."

"काका, थंडी—"

"काढ म्हणतो ना! तू गारठू नयेस म्हणून घातला होता, रॉइस व्हावंस म्हणून नाही. माझा पोरगा गेला, क्लेटन. गेला तो!" म्हाताऱ्याचा आवाज फाटला. कोट ओढून घेऊन ते बाहेर गेले.

क्लेटन नुसत्या शर्टात थरथरत उभा होता.

"नेटी... मी रॉइसला कसलाच शब्द दिला नव्हता. त्याला बोलायलासुद्धा वेळ मिळाला नाही. ते मी रचलं. त्याच्या नावावर विचारणं सोपं होतं... स्वतःच्या नावावर लाज वाटत होती. जगल्याची."

मला त्याचा राग आला, आणि तरी मी त्याच्याजवळ गेले.

"आणि आता कुणाच्या वतीनं विचारतोयस?"

"माझ्या. वेण्या ओढायचो, तेव्हापासून."

मी शालीचं एक टोक त्याच्या खांद्यावर टाकलं. दारातून बाहेर दिसत होतं. काका गारांच्या माऱ्यात उभे होते, कोट छातीशी धरून. तो अंगात घालायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

"आधी त्यांना आत आण," मी म्हणाले. "मग हो म्हणते."