न आलेली ओहोटी

सुरय पक्ष्यांच्या एकशे त्रेचाळीस घरट्यांखालची वाळू वाचवायची, एवढ्यासाठीच ती तिघं सकाळी निघाली होती. होडीत दगडांची चाळीस पोती होती. वल्ह्यावर सासरे, पुढे पक्षी मोजायची नोकरी करणारी त्यांची सून, आणि मधे पोहता न येणारा एक गवंडी जीव मुठीत धरून बसलेला.

तीस वर्षांपूर्वी इथं समुद्राची खाडी होती. मुखाशी बांध घातला आणि तिचं गोड्या पाण्याचं तळं झालं. तेव्हापासून पाणी चढत नाही की उतरत नाही. लाटा बारा महिने एकाच उंचीवर धडका देतात आणि बेटांचे काठ कुरतडून नेतात. उघड्या वाळूचं हे एकच बेट आता उरलं होतं, तेही दोन अंगणांएवढं.

दुपारपर्यंत एकतीस पोती काठाला लागली. सुरय कलकलाट करत डोक्यावर झेपावत होते.

"अरे, तुमच्यासाठीच मरतोय ना!" टोपीवरची शीट पुसत गवंडी ओरडला.

नऊ पोती उरली तेव्हा सासऱ्यांनी हात वर केला. "थांबा. तासाभरात ओहोटी लागेल. पाया उघडा पडला की दगड पक्के बसतील."

गवंड्याला ते लगेच पटलं. पाण्यात चाचपत पाया घालणं त्याच्या जिवावर आलं होतं. सून चमकली. ओहोटी? ह्या तळ्यात? पण म्हाताऱ्याच्या आवाजात खाडीवर काढलेल्या उभ्या जन्माची खात्री होती आणि तिचे दंडही भरून आले होते. ती गप्प बसली. तिघंही बेटापलीकडे, होडीच्या आडोशाला टेकली.

तासाभरात वारा फिरला. पाणी उतरायचं सोडून चढू लागलं! वाऱ्यानं सगळं तळं ह्याच टोकाला लोटलं होतं.

"पोती!" ती किंचाळली.

उशीर झाला होता. लाट आली. काठावरून गवंड्याचा पाय निसटला. तो दिसेनासा झाला! तिनं बुडी मारली, हाताला कॉलर लागली, ती सोडली नाही. सासऱ्यांनी होडीतून वल्हं पुढे केलं आणि दोघांना आत ओढून घेतलं.

"वर जाऊ! घरट्यांत!" गवंडी खोकत म्हणाला.

"रात्रभर तिथं उभे राहिलो तर एकही पक्षी अंड्यांवर बसणार नाही," ती म्हणाली. "गारठून मरतील सगळी. होडी हलकी करा!"

नऊच्या नऊ पोती त्यांनी पाण्यात लोटली. पाणी उपसत, धडपडत, संध्याकाळी ती किनाऱ्याला लागली.

सकाळी वारा पडल्यावर तिघं परत गेली. एकतीस पोती जागची हलली नव्हती. जिथं नऊ लागायची होती, तिथून लाट आत घुसली होती आणि अर्धं बेट घेऊन गेली होती.

"किती घरटी उरली?" सासऱ्यांनी विचारलं.

"अठ्ठावन्न."

म्हातारा वाळूत बसला. "ओहोटी येत नाही गं आता. मला का ठाऊक नाही? पण तोंडातून निघून जातं."

तिला त्यांचा राग आला होता, आणि स्वतःचा त्याहून जास्त. "मलाही ठाऊक होतं, बाबा. मी बोलायला हवं होतं."

गवंडी हात पसरून खिंडार वावांनी मोजत होता. पाण्याकडे पाहून तो एक पाऊल मागे सरला.

"तू वरच थांब," सासरे उठत त्याला म्हणाले. "पाणी काही उतरायचं नाही." आणि ते कमरेएवढ्या पाण्यात शिरून, दगड बसवायला, पायानं तळ चाचपू लागले.